हिरवा खडू, नारिंगी खडू

दिवाळी जवळ आली की आमच्या फार्मवर वासरं आईपासून तोडायचे दिवस येत. हा योग काही मी जुळवून आणला नव्हता. वासरं मार्च-एप्रिलमध्ये जन्मायची, सहा-सात महिन्यांत ती स्वतःच्या पोटापुरतं चरू लागायची, आणि ओहायोत ऑक्टोबर संपता संपता गवतही संपतं. त्याच सुमाराला इथल्या डब्लिन गावातल्या मराठी घरांत आकाशकंदील चढत, बेसमेंटमधून चकलीचे सोरे बाहेर निघत आणि वसुबारस येई. म्हणजे गाईची पूजा, तीही वासरासकट. तिकडे मी गाई आणि वासरं यांच्यामधलं फाटक लावून घेत असे आणि इकडे माझ्या फोनवर मेसेज पडलेला असे, "वंदना, यंदा गाय-वासरू बघायला कधी येऊ?"

आमच्या मंडळाच्या या दिवाळी अंकासाठी 'तुझ्या गाईंवर लिही' असं मला कितीतरी वेळा सांगून झालं. दर वेळी मी वेळ नाही म्हणाले. वेळ होता. पण लिहायचं तर सगळंच लिहावं लागलं असतं, आणि हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्यातल्या एका गाईला स्वतःच्या हाताने घास भरवला आहे.

तेव्हा जे सांगायला घाबरत होते ते आधीच सांगून टाकते. त्या गाई दुधाच्या नव्हत्या. मांसाच्या होत्या. मी बीफच्या कळपावर काम करत होते.

नागपूरच्या व्हेटरनरी कॉलेजातून मी डॉक्टर झाले, लग्न करून इथे आले, आणि माझी पदवी सूटकेसच्या तळाशी राहिली. इथल्या परीक्षा द्यायच्या तर पुन्हा काही वर्षं शिकावं लागणार होतं. मुलगा लहान होता. मी स्वतःला सांगितलं, नंतर बघू. दोन हजार एकमध्ये माझे यजमान विलास यांची नोकरी गेली. आयटीतल्या अनेकांची तेव्हा गेली होती, त्यामुळे सहानुभूतीसुद्धा वाटून घ्यावी लागत होती. त्या महिन्यांत आमच्या दारात न बोलावता येणारी एकच व्यक्ती होती, शैलाताई. पुण्याच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, डब्लिनमध्ये कोणी मराठी नव्हतं तेव्हापासून राहिलेल्या. डबा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "जास्तीचं झालं होतं गं, टाकवेना." रोज कोणाच्या घरी जास्तीचं होतं? हे ध्यानात ठेवा, कारण पुढे मी जे लपवलं ते मुख्यतः त्यांच्यापासून लपवलं.

पक्ष्यांचे दाणे घ्यायला मी गावाबाहेरच्या दुकानात गेले होते. तिथे भिंतीवर चिठ्ठी होती, गाई व्यायच्या दिवसांत मदत हवी. ती चिठ्ठी वॉल्टची. वॉल्ट सत्तरीचा, कमरेचं ऑपरेशन झालेला, चाळीसेक गाईंचा मालक आणि अतिशय बडबड्या माणूस. त्याने विचारलं, तुला गाईंबद्दल काय माहीत आहे? मी म्हटलं, भारतात गाईंची डॉक्टर होते. तो म्हणाला, तिथे तर तुम्ही त्यांची पूजा करता ना? मी म्हटलं, करतो, पण त्यांना पोटदुखीही होते. एवढ्यावर नोकरी मिळाली. माझं नाव त्याला कधी जमलं नाही. मी शेवटपर्यंत 'वॅन्डा'च राहिले.

विलासने माझ्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारला, लोकांना काय सांगायचं? मग स्वतःच उत्तर काढलं, "ॲनिमल हेल्थमध्ये आहे म्हणू यार. रेझ्युमेवर पण छान दिसतं."

बीफचा कळप म्हणजे काय, ते आता थोडक्यात. इथे गाईचं दूध कोणी काढत नाही. गोठा नाही, दावण नाही. गाई बारा महिने बाहेर, उन्हाळ्यात गवतावर, हिवाळ्यात वाळल्या चाऱ्यावर. जूनमध्ये बैल सोडायचा, पुढच्या वसंतात वासरं. सगळं दूध वासराचं. वसुबारसेचा उपास धरणाऱ्या बायका त्या दिवशी दूध-तूप घेत नाहीत, कारण त्या दिवसापुरतं तरी ते वासराचं असतं. त्या हिशेबाने आमच्याकडे वर्षभर वसुबारसच होती. शेवट तेवढा वेगळा होता.

व्यायला आलेली गाय कळपातून बाजूला जाते. शेपूट जरा वर धरते, कासेला तुकतुकी येते, उठते, बसते, स्वतःच्या पोटाकडे वळून बघते, जणू तिकडून कोणी हाक मारली. वासराचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकवलेलं नाक, अशा क्रमाने ते आलं की माणसाने हात खिशात ठेवावेत. खुरांचे तळवे आभाळाकडे दिसले तर मात्र पळावं. वासरू उलटं आहे, आणि नाळ दबायच्या आत ते बाहेर यायला हवं.

माझ्या पहिल्याच वसंतात एका सकाळी गारठलेला पाऊस पडत होता आणि एकतीस नंबरच्या गाईचं वासरू असं उलटं आलं. काळी गाय, तोंड तेवढं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात कपाळावर एक काळा ठिपका, बोटाने लावल्यासारखा. पायांना साखळी अडकवून वॉल्टने आणि मी ओढलं. वासरू आलं, पूर्ण वाढलेलं, सुंदर, मेलेलं. नाकात गवताची काडी घातली, छाती चोळली, काही झालं नाही. गाय उठून त्याला चाटत राहिली.

दुसऱ्या एका गाईला त्याच दिवशी जुळं झालं होतं आणि तिने त्यातलं एक लाथाडलं होतं. वॉल्टने मेलेल्या वासराचं कातडं सोडवलं आणि मी ते त्या नकोशा वासराच्या अंगावर सुतळीने बांधलं, बंडीसारखं. आपल्याकडेही वासरू मेलं की कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवत, तिने पान्हा सोडावा म्हणून. इथे निदान आत जिवंत वासरू होतं. पण पोरगं इतकं अशक्त होतं की त्याला सडाशी उभं राहता येईना. तेव्हा मी त्या गाईचा चीक हाताने काढला आणि बाटलीने पाजला. पहिल्या दिवशी तिने मला दोनदा लाथ मारली. नंतर मी आले की ती स्वतःच उभी राहू लागली. चार-पाच दिवसांनी कातडं काढून टाकलं, तेव्हा वासरू तिचं झालेलं होतं. मी तिला चंद्री म्हणू लागले. कळपातल्या जनावरांना नावं देऊ नयेत असं वॉल्ट म्हणायचा. त्याच्याकडे त्यासाठी कारण होतं.

उरलेला चीक मेयोनीजच्या बरणीत भरून मी घरी आणला. शैलाताई आलेल्या होत्या. बरणी बघून त्यांनी ती उजेडात धरली.

"चीक? अगं, चीक हा? किती वर्षांनी बघतेय मी हा रंग."

रविवारी त्यांच्याकडे तीस माणसं खरवस खायला जमली. वेलची, केशर, वड्या इतक्या सुबक की कोणी फोटोही काढले. वाटी हातात धरून एक काका म्हणाले, वंदना दुधाच्या फार्मवर काम करते, आता आपली चैन आहे. मी खाली बघून खात होते. वाक्य दुरुस्त करायला एक क्षण मिळाला होता. मी आणखी एक वडी घेतली.

दर वसंतात मग फोन येऊ लागले. चीक मिळेल का? साजूक तुपासाठी लोणी मिळेल का? एका गृहस्थांना मुंजीसाठी गोमूत्र हवं होतं आणि ते ऑरगॅनिक असलं तर बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मी दिलं. बाकी सगळ्यांना थापा दिल्या. यंदा गाई लवकर आटल्या, दूध सगळं कंपनीला जातं, असं काहीही. मी मुळात कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाचं खोटं लवकर पचतं, हे मला तेव्हा कळलं.

आता खडूचं सांगते. शरद ऋतूत गाई एकेक करून लोखंडी पिंजऱ्यात घ्यायच्या आणि कोणती गाभण आहे, कोणती नाही ते तपासायचं. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा, हात शेपटीखालून आत, आणि बोटांनी गर्भाशय शोधायचं. आत आंधळ्यासारखं असतं. पण बोटांना कळतं. नागपूरला आम्ही हे इतकं केलं होतं की झोपेत सांगितलं असतं. वॉल्ट म्हणाला, आता व्हेटला कशाला बोलवू, तूच कर. म्हणून तो हात माझा होता. गाभण असली तर पाठीवर हिरव्या खडूची रेघ. नसली तर नारिंगी. हिरवी हिवाळाभर चारा खाणार. नारिंगी आठवड्याभरात लिलावाच्या बाजारात, आणि तिथून जिथे जायचं तिथे. लहान कळपात रिकाम्या गाईला वर्षभर पोसता येत नाही. एकीवर जो चारा खर्च होतो तो दुसरीच्या तोंडचा असतो. हे क्रौर्य आहे असं मला वाटत नाही. आमच्या गावीही भाकड गाय बाजाराला जायची. फक्त ती पुढे कुठे गेली, हे कोणी कोणाला विचारत नसे. इथे विचारायची गरज पडत नव्हती. रेघ मीच ओढत होते.

दोन हजार चारमध्ये मंडळाने ठरवलं की वसुबारस खऱ्या गाईबरोबर करायची. पुढाकार शैलाताईंचा. आजवर त्या चांदीच्या गाय-वासराची पूजा करत होत्या. मला म्हणाल्या, "मुलांना कळू दे की गाय म्हणजे दुधाच्या डब्यावरचं चित्र नव्हे. तुझ्यामुळे हे होतंय हं." मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं. सूटकेसच्या तळाशी पडलेल्या डॉक्टरला कोणीतरी मान देत होतं.

माणसांच्या गर्दीत उभी राहील अशी गाय एकच होती, चंद्री. त्या वर्षी तिला कालवड झाली होती, तशीच पांढऱ्या तोंडाची, कपाळावर तसाच ठिपका. देवाने पूजेसाठीच जोडी बनवलीय असं वाटावं. पूजेच्या आधीच्या आठवड्यात मी गाई तपासल्या. चंद्री रिकामी होती. मी हात बाहेर काढला नाही. पुन्हा शोधलं. काही नव्हतं.

पलीकडून वॉल्टने ओरडून विचारलं, "वॅन्डा, काय?"

मी म्हटलं, "गाभण." आणि हिरवी रेघ ओढली.

वॉल्टला मी हे आजतागायत सांगितलेलं नाही. तो मराठी वाचत नाही.

बाकीची वासरं तोडली. चंद्री आणि तिची कालवड तेवढी एकत्र ठेवली, कारण पूजा सवत्स गाईची असते. वॉल्टला सांगितलं, ही कालवड मागाहून तोडू. मुलं येणार म्हणून तो खूश होता. त्याने फाटकापाशी भोपळे मांडले.

मंडळाची तिथी नेहमी शनिवारी येते, तशी तीही आली. पंधरा-वीस मिनीव्हॅन, पैठण्यांवर जाड जॅकेटं, मुलांच्या पायांत रबरी बूट. शैलाताईंनी चंद्रीच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. चंद्री उभी राहिली. मला तिचा अभिमान वाटला. पलीकडच्या कुरणात तोडलेली वासरं आणि त्यांच्या आया कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी हंबरत होत्या. वासरं तोडली की हे दोन-तीन दिवस चालतं. घसा बसेपर्यंत हंबरतात. एका मुलीने मला विचारलं, "काउ मावशी, व्हाय आर दे क्रायिंग?" मी म्हटलं, भूक लागलीय त्यांना.

मग नैवेद्य. प्रत्येकीने घरून काही आणलं होतं. उडदाचे वडे, बाजरीच्या भाकऱ्या, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, फ्रीझरमधल्या पुरणपोळ्या. कोणी गूळ घालून कणकेचे गोळे केले होते, मोठ्या पातेल्यात. मुलांची रांग लागली. प्रत्येकाला भरवायचं होतं, प्रत्येकाचा फोटो हवा होता. फोटो नीट आला नाही की पुन्हा एक गोळा.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात बैलांची रांग लागायची. वर्षभर कडबा खाणाऱ्या बैलाला सणाला घरोघर पुरणपोळी आणि कणिक चारतात, ती पोटात आंबते, आंबट होऊन रक्तात उतरते. प्रेमाने बैल मारायचा दिवस, असं आमचे सर म्हणायचे. त्यांनी आमच्याकडून ते घोकून घेतलं होतं. वॉल्टच्या गाईंना हे कळणं शक्य नव्हतं आणि मंडळाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्या सगळ्या शेतात ते माहीत असलेली एकच बाई होती आणि ती गाईचं मुस्कट धरून उभी होती, फोटोत नीट यावी म्हणून.

मी एकदा म्हटलं, "आता बास करू या का?" फार हळू म्हटलं. शैलाताई म्हणाल्या, "अगं, खाऊ दे, आज तिचा दिवस आहे. दूध किती देते बिचारी." थांबवायचं तर सांगावं लागलं असतं की ही गवतावरची गाय आहे, हिला दाण्याची सवय नाही. का नाही? दुभत्या गाईला तर दाणा लागतो. मग ही दुभती नाही का? एकातून एक निघालं असतं. म्हणून मी मुस्कट धरून राहिले.

दुसऱ्या दिवशी चंद्री मान खाली घालून एकटी उभी होती. रवंथ नाही, डावी कूस फुगलेली, शेण पातळ आणि आंबूस. नळी घालून पोटात खाण्याचा सोडा सोडला, सलाईन लावलं, चालवलं, पुन्हा सोडा. वॉल्टने विचारलं, हिने काय खाल्लं? मी म्हटलं, दाण्याच्या पिंपात तोंड घातलं असेल, झाकण सैल आहे. दुपारी बघते तर तो त्या दुखऱ्या कमरेनिशी गुडघ्यांवर बसून पिंपाला नवी कडी बसवत होता. झाकण पहिल्यापासून घट्ट होतं.

ती वाचली. पोटाने वाचली, पण ते विष तिच्या खुरांत उतरलं. असं होतं, पुस्तकात आहे. निखाऱ्यांवरून चालल्यासारखी ती चालू लागली. औषधांचा अंश अंगातून जाईपर्यंत शेडमध्ये ठेवली. मग वॉल्ट म्हणाला, ही या पायांनी बर्फात टिकणार नाही. ते बरोबर होतं. मी तिच्या पाठीवरची हिरवी रेघ पुसली आणि नारिंगी ओढली. नीट पुसली गेली नाही, दोन्ही रंग दिसत होते.

ट्रेलरच्या उतरणीवर ती चढेना. वॉल्ट काठी आणायला निघाला. मी आत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चल, चंद्री." मराठीत. ती चढली. एकेक पाय उचलून, थांबून, पण चढली, कारण मीच बोलावत होते. मी नारिंगी रेघ वेळेवर ओढली असती तर ती धडधाकट पायांनी, इतर गाईंच्या घोळक्यात, मला न ओळखता गेली असती. या कामात मी बरीच जनावरं पाठवली. बाकीच्या कोणाबद्दल मला झोप लागत नाही असं नाही.

पुढच्या वर्षी विचारणा झाली, तेव्हा फार्मवर साथ आहे म्हणून मी पूजा कॅन्सल केली. चंद्री कशी आहे? बरी आहे. तिची कालवड वॉल्टने कळपात ठेवली होती. ती माझ्या हातची झाली, मोठी झाली, व्याली. आणि दोन हजार सहाच्या वसुबारसेला मी तिलाच मंडळापुढे उभी केली. तोच ठिपका. कोणीतरी म्हणालं, "बारीक झाली का गं जरा?" विलास पटकन म्हणाला, "डायटवर आहे." सगळे हसले. गाईला फसवायला मेलेल्या वासराचा वास लागला होता. आम्हा माणसांना एका ठिपक्यावर भागलं. या वेळी मात्र मी फाटकापाशी उभी राहून सगळ्यांचे डबे काढून घेतले, एकेक मूठ गवत हातात दिलं आणि म्हटलं, डॉक्टरांची ऑर्डर आहे. सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं. इतकं सोपं होतं ते.

दोन हजार सातची पूजा झाल्यावर मी आणि शैलाताई त्यांच्या स्वयंपाकघरात ताटं पुसत होतो. त्यांचा उपास होता, त्यांच्यासाठी भाकरी आणि गवारीची भाजी झाकून ठेवली होती. ताटावरून हात न काढता त्या म्हणाल्या, "ही चंद्री अजून किती वर्षं दूध देईल गं? म्हातारी झाल्यावर तिला ठेवतात ना नीट?"

प्रश्नात काही खोच नव्हती. त्यांना खरंच काळजी होती. मी फडकं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. बीफ, खरवस, हिरवी रेघ, कणकेचे गोळे, ट्रेलर, ठिपका. पुष्कळ वर्षांत मी इतकी सलग बोलले नव्हते.

त्या बराच वेळ तेच ताट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तिला मारली."

"तुम्ही नाही, ताई. मला माहीत होतं."

"गोळे मी केले होते, वंदना. पातेलं माझं होतं." आणि थोड्या वेळाने, "तू एक शब्द बोलली असतीस तर थांबले असते की मी. तुला एवढी भीती वाटत होती माझी?"

त्या म्हणाल्या, आता घरी जा. मी गेले. भाकरी तशीच झाकलेली होती.

हिवाळा गेला, गाई व्याल्या, उन्हाळा गेला. त्यांचा फोन नाही. बाजारात समोरून आल्या तर विलासची चौकशी करायच्या, माझ्याकडे बघून मान हलवायच्या. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, हे मला कळत होतं, कारण चीक मागणारे फोन येतच होते. मी आता सरळ सांगू लागले, या गाई दुधाच्या नाहीत. काहींनी पुन्हा फोन केला नाही. गोमूत्रवाल्यांनी मात्र विचारलं, पण गोमूत्राला काही फरक पडत नाही ना?

त्या शरदात मी पुन्हा हातमोजा चढवला. चंद्रीची लेक पिंजऱ्यात आली, ओळखीने नाक पुढे केलं. रिकामी होती. वॉल्टने विचारलं, काय? मी म्हटलं, रिकामी. नारिंगी रेघ ओढली, नीट, कण्यावरून शेपटीपर्यंत.

वासरं तोडली त्या दिवशी फोन वाजला. शैलाताई होत्या. "वासरं कधी तोडणार आहात?" मी म्हटलं, आजच तोडली. "आणि त्या दुसऱ्या? ज्या जाणार आहेत?" उद्या सकाळी, म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

सकाळी त्यांची गाडी फाटकाबाहेर उभी होती. त्या उतरल्या नाहीत. काच खाली करून बसून होत्या. कुरणात हंबरणं चालूच होतं, त्या ऐकत होत्या. वॉल्टने ट्रेलर लावला, तेव्हा त्या उतरल्या आणि पैठणी नाही, काही नाही, साध्या स्वेटर-पँटमध्ये चिखलातून चालत आमच्याकडे आल्या. कुंपणाच्या आत चार गाई होत्या, चारींच्या पाठीवर नारिंगी रेघ. त्यांनी रेघांकडे पाहिलं.

"ती आहे यात?"

"आहे. ती मागची."

त्यांनी पर्समधून कुंकवाची कोयरी काढली. डबा, पातेलं काही आणलं नव्हतं. हात गजांमधून आत घातला आणि पहिली गाय जवळ येईपर्यंत तसाच धरून ठेवला. गाय आली, हुंगली. शैलाताईंनी तिच्या कपाळाला बोट लावलं. काळ्या केसांवर कुंकू दिसतसुद्धा नव्हतं. मग दुसरी. तिसरीने आधी मान झटकली, मग आली. वॉल्ट ट्रकच्या खिडकीतून बघत होता.

चंद्रीची लेक मागच्या कोपऱ्यात उभी होती, माझ्याकडे बघत. तिच्या आईला मारली होती तशी हाक मी मारली असती तर ती लगेच आली असती. मारली नाही. गजांतून हात आत, बोटाला कुंकू, शैलाताई नुसत्या उभ्या होत्या.

बराच वेळ गेला. वॉल्टने ट्रकचं इंजिन बंद केलं.